दुकान वाढवायचं म्हणजे नक्की काय वाढवायचं?



सीझन संपला, चार पैसे हातात उरले, की प्रत्येक दुकानदारापुढे एकच प्रश्न येतो. पैसे घालायचे कुठे? आहे तोच माल जास्त भरायचा, नवीन व्हरायटी आणायची, की भारीतला माल ठेवायचा?

हाच प्रश्न देशांनाही असतो. डेव्हिड हमल्स आणि पीटर क्लेनो या अर्थतज्ज्ञांनी १२६ देशांची १९९५ ची निर्यात तपासली आणि २००५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, मोठ्या अर्थव्यवस्थांची निर्यात जास्त असते, त्यात साधारण ६० टक्के वाटा जास्त प्रकारच्या वस्तूंचा असतो. दोन, श्रीमंत देश तीच वस्तू थोड्या चढ्या भावाने विकतात, तरी नग जास्त जातात. कारण? क्वालिटी.

आता उदाहरणं बघा. जर्मनी मोठी आणि श्रीमंत. औषधं, मशिनरी, गाड्या, रसायनं, सगळंच विकते. स्वित्झर्लंडची लोकसंख्या जेमतेम ९० लाख. घड्याळं चीन त्यांच्या कितीतरी पट जास्त पाठवतो, पण चिनी घड्याळाचा सरासरी भाव काही डॉलर आणि स्विस घड्याळाचा हजार फ्रँकच्या वर! आणि बोत्सवाना? निर्यातीचा मोठा भाग एकट्या हिऱ्यांचा. हिऱ्यांची मागणी पडली, की अख्ख्या देशाच्या तिजोरीला झळ बसते.

यातून तुम्ही काय घ्यायचं?

प्रत्येक नवीन वस्तूमागे वेगळा खर्च असतो. देशाला कारखाना आणि कारागीर लागतात, तुम्हाला जागा, भांडवल आणि ओळखीचा होलसेलर. मोठ्याला तो खर्च झेपतो. छोट्याने त्याची नक्कल केली, तर पैसा डेड स्टॉकमध्ये अडकतो. पण एकाच मालावर अख्खं दुकान उभं असेल, तर तीही जोखीमच.

म्हणून भांडवल कमी असेल, तर आधी स्विस रस्ता धरा. दोन-तीन वस्तूंत असं नाव कमवा, की गिऱ्हाईक दहा रुपये जास्त देऊनही तुमच्याकडेच येईल. मग त्या नफ्यातून एकेक व्हरायटी वाढवा.

आज रात्री गल्ला मोजून झाला, की वही काढा. गेल्या ३ महिन्यांत सगळ्यात जास्त नफा दिलेल्या ५ वस्तू लिहा. त्यातली एकच चालतेय? मग सावध व्हा. पाचही चालतायत? मग नवीन माल भरण्याआधी त्यांचीच क्वालिटी वाढवा!