फुकटचं ऊन, विकतचा उजेड

बंद खोलीत थरावर थर रचायचे, मातीऐवजी पोषक क्षारांच्या पाण्यात मुळं सोडायची आणि वर एलईडी दिवे लावायचे, ही झाली घरातली हायड्रोपोनिक शेती. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने उघड्या रानापेक्षा ९० टक्क्यांपर्यंत कमी पाणी लागू शकतं. गारपिटीची धास्तीही नाही. मग घोडं अडतं कुठे? वीजबिलात.

महाराष्ट्रात चौरस मीटरभर जमिनीवर दिवसाला सरासरी ५ युनिटांच्या आसपास सौरऊर्जा पडते. म्हणजे एकरावर रोज सुमारे २० हजार युनिट, तीही फुकट! खोलीत उजेड विकत घ्यावा लागतो. शिवाय दिव्यांची उष्णता आणि पानांतून निघणारी वाफ काढायला एसी हवा. किलोभर लेट्यूसला साधारण १० युनिट धरले, तर ८ रुपये दराने नुसती वीजच ८० रुपयांची. लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणी असतं, म्हणून एवढ्यावर भागतं. गव्हाचा दाणा कोरडा. त्याला किलोमागे शंभराहून अधिक युनिट लागतील.

अमेरिकेत भरपूर भांडवल ओतूनही अशीच शेती करणाऱ्या एरोफार्म्स कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०२४ मध्ये बाउरी ही दुसरी कंपनी बंद पडली.

आपल्याकडे ऊन वापरणारं पॉलिहाउस त्यामानाने स्वस्त पडतं. तरीही खोलीतच शेती करायची असेल, तर झटपट वाढणारा महागडा पाला निवडा, पाणी फिरवणाऱ्या पंपाला इन्व्हर्टर जोडा आणि बी टाकण्याआधी गिऱ्हाईक पक्कं करा.