कर्करोगाची पूर्वतपासणी : संशोधन काय सांगते, वस्तीत काय घडते

भगवान बुद्धांच्या चरित्रात आजारी भिक्खूचा एक प्रसंग येतो. पोटाच्या विकाराने खितपत पडलेल्या त्या भिक्खूकडे सोबतचे कोणीच पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून बिछान्यावर निजविले आणि मग भिक्खूंना एकत्र बोलावून, आजाऱ्याची सेवा ही संघाचीच जबाबदारी आहे, हे समजावून सांगितले. दुखण्याला कारण असते, कारण कळले की उपाय शोधता येतो आणि उपाय करणे हे एकट्या रुग्णाचे नव्हे तर सर्वांचे काम आहे, अशी ही शिकवण आहे.

कर्करोगाच्या बाबतीत मात्र ही दृष्टी आपल्या घराघरांत अजून पोचलेली नाही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही वस्तीत जा, 'कॅन्सर म्हणजे कॅन्सल' हे वाक्य कानावर येतेच. त्यामुळे गाठ लागली तरी ती लपविली जाते, अंगावरून पांढरे जाते तरी दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून या लेखात आम्ही भाकिते न सांगता संशोधनाने सिद्ध झालेल्या गोष्टी मांडणार आहोत. 'ये आणि स्वतः पाहा' असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांना हीच रीत शोभते. शिवाय यातील बरेचसे महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच, आपल्यासारख्याच स्त्रियांच्या सहभागाने झाले आहे.

रोगाआधीची वेळ

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग हे त्याचे मूळ कारण होय. हे कारण दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या बाबतीत तो ठाण मांडून बसतो, पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलांचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढा काळ निसर्गाने आपल्याला दिलेला असतो. या काळात स्त्रीला काहीच त्रास होत नाही. ती पाणी भरते, कामावर जाते, लोकलला लटकते. म्हणूनच 'मला काही होत नाही, मग तपासू कशाला?' हा प्रश्न येथे चुकीचा ठरतो. काही होत नसतानाच तपासायचे, यालाच पूर्वतपासणी म्हणतात.

तपासणीच्या तीन पद्धती आहेत. पहिली पॅप तपासणी. तीत गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी प्रयोगशाळा आणि जाणकार डॉक्टर लागतात. दुसरी पद्धत अगदी साधी आहे. लोणच्याच्या व्हिनेगरमध्ये असते तेच सौम्य ॲसिटिक ॲसिड कापसाने गर्भाशयमुखास लावतात आणि मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तेथे पांढरा डाग उमटतो. तिसरी एचपीव्ही चाचणी. तीत विषाणूच शोधला जातो.

परळ, मुंबईच्या वस्त्या आणि धाराशिव

परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले आणि 1962 पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. येथील डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. 35 ते 64 वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या वस्त्यांचे वीस गट पाडण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दहा गट तपासणीसाठी निवडले गेले आणि दहा गटांना केवळ आरोग्यशिक्षण देण्यात आले. तपासणी व्हिनेगर पद्धतीची होती, दर दोन वर्षांनी एकदा, अशी चार वेळा. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या.

या प्रयोगाचा निष्कर्ष 2013 साली जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सोळा मृत्यू होत होते, ते अकरावर आले. आपल्या विद्यार्थिनींनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. दहावी झालेली वस्तीतली मुलगी, हातात कापूस आणि व्हिनेगर, आणि तिच्यामुळे वाचलेले जीव! विज्ञान म्हणजे केवळ मोठ्या यंत्रांची मिरासदारी नव्हे, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही.

दुसरा प्रयोग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत 1999 साली सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे चार भाग केले गेले. तीन भागांना वर सांगितलेल्या तीन पद्धतींपैकी एकेक तपासणी एकदाच देण्यात आली आणि चौथ्यास नेहमीचीच आरोग्यसेवा राहिली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एचपीव्ही चाचणी झालेल्या भागात या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या भागात 64. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या एकाच तपासणीने येथे तसा स्पष्ट फरक दिसला नाही. मुंबईत ती चार वेळा झाली होती, ही गोष्ट लक्षात घेतली तर साधी तपासणी ठराविक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागते, हा बोध त्यातून घेता येतो.

स्तनांच्या कर्करोगाविषयीही मुंबईच्या त्याच प्रयोगात प्रशिक्षित सेविकांनी हाताने तपासणी केली. 2021 साली आलेल्या निष्कर्षात गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्याचे दिसले आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तोंडाच्या कर्करोगासाठी केरळात तिरुवनंतपुरम येथे 1996 साली असाच प्रयोग सुरू झाला. तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांचे तोंड नुसत्या उजेडात नीट पाहिल्याने त्यांच्यातील मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण तव्यावर भाजलेली मशेरी घराघरांत आहे आणि ती लावणाऱ्या आपल्या आया-बहिणींना आपण व्यसनी समजत नाही. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही लक्षणे त्यांच्याही बाबतीत पाहिली पाहिजेत.

लवकर आलेला रुग्ण आणि उशिरा आलेला

उपचारांच्या बाबतीत निराश होण्याचे कारण नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढच्या, तिसऱ्या अवस्थेत गेलेल्या 850 स्त्रियांवर टाटा रुग्णालयात 2003 ते 2011 या काळात अभ्यास झाला. नुसता शेक, म्हणजे किरणोपचार, घेतलेल्यांपैकी शंभरात 46 जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. शेकासोबत केमो घेतलेल्यांपैकी 54. इतक्या उशिरा येऊनही निम्म्याहून अधिक जणी पाच वर्षे पार करतात, तर लवकर आलेल्यांची आशा किती मोठी असेल! त्याचप्रमाणे तोंडाच्या लहान गाठीच्या वेळी मानेतील ग्रंथीही पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर तीन वर्षांनी शंभरात 80 रुग्ण हयात असतात आणि नंतर गरजेप्रमाणे काढल्या तर 67, असे डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवून दिले. अर्धवट वा चुकीचा पहिला उपचार किती महागात पडतो, हे यावरून समजावे. म्हणून कर्करोगाचा संशय आल्यावर पहिली शस्त्रक्रिया कोठे आणि कोणाकडून होते, याला फार महत्त्व आहे.

मग उणे कोठे पडते? 2010 ते 2014 या काळात स्तनांचा कर्करोग निदान झालेल्या अमेरिकेतील स्त्रियांपैकी शंभरात 90 जणी पाच वर्षांनी हयात होत्या. भारतातील ज्या थोड्या भागांची नोंद उपलब्ध आहे तेथे 66. हा फरक औषधांच्या ज्ञानाचा तितकासा नाही. तो उशिरा येण्याचा, उपचार अर्धवट सोडण्याचा आणि खिशाचा आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा खाडा म्हणजे चार घरांची बोलणी आणि पगारात कपात. कल्याणहून परळला जायचे तर पहाटेची लोकल, सोबत आणखी एकाचा खाडा, आणि हे पाच-सहा आठवडे रोज. शेक सुरू असताना मध्येच थांबलेल्या भगिनी आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना औषध नको होते असे नाही, त्यांना पोचविणारे कोणी नव्हते.

आणखी एक उणीव ध्यानात घ्यावी. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 सालापासूनची, देशातील या प्रकारची पहिली. पण ती बृहन्मुंबईच्या हद्दीत राहणाऱ्यांची आहे. मुलुंडचा रुग्ण तीत मोजला जातो. खाडीअलीकडच्या ठाण्याचा, दिव्याचा, डोंबिवलीचा रुग्ण त्याच रुग्णालयात उपचार घेऊनही त्या मोजणीत येत नाही. ज्याची मोजदाद नाही, त्याची तरतूदही मागे पडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

ऋण कोणाचे?

मुंबई व उस्मानाबादच्या प्रयोगांत निम्म्या वा पाव हिश्शाच्या गरीब स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी कडक टीका केली. त्या काळी देशात सर्वसाधारण स्त्रियांना कोणतीच नियमित तपासणी मिळत नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासाव्यात. आमचे म्हणणे एवढेच की, जे ज्ञान झोपडपट्टीतील आणि खेड्यातील स्त्रियांच्या देहावर सिद्ध झाले, त्याचे फळ प्रथम त्यांच्या दारी गेले पाहिजे. तसे घडले का? केंद्र शासनाने 2016 साली तीस वर्षांवरील सर्वांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची योजना आखली. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात दोघीसुद्धा निघाल्या नाहीत. स्तन आणि तोंडाची तपासणी झालेली तर शंभरात एकही धड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंत शंभरात सत्तर स्त्रियांचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे अंतर शिबिराच्या फलकांनी भरून निघणारे नाही.

संस्थांनी काय करावे

बार्शी परिसरात 1987 साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगत. पुढील काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे नोंदीतून दिसले. नुसत्या माहितीने एवढे होते, तर आपल्या महिला मंडळांनी काय करू नये?

पहिले काम म्हणजे वही. विहारात तीस वर्षांवरील प्रत्येक भगिनीचे नाव, तपासणीची तारीख आणि पुढची तारीख लिहिलेली असावी. जयंतीच्या वा वर्षावासाच्या शिबिरात तपासणी करून कागद हातात देणे म्हणजे काम संपले असे नव्हे. ज्यांना पुढील तपासणीस बोलाविले त्यांपैकी किती पोचल्या, हाच शिबिराचा खरा हिशेब. मुंबईच्या प्रयोगातही दोष आढलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एक पुढील तपासणीस आली नव्हती. तिला गाठणे हे डॉक्टरांचे नव्हे, शेजाऱ्यांचे काम आहे.

दुसरे काम सोबतीचे. महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातला एक दिवस वाटून घेतला तर वस्तीतला एक रुग्ण शेकाला एकटा जाणार नाही. परळ दूर पडत असेल तर टाटा केंद्राचे खारघर येथील रुग्णालय ठाण्याहून पनवेलच्या लोकलने गाठता येते. बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी.

तिसरे काम कागदपत्रांचे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत आणि पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य शासनाने 2023 साली घेतला. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, शेक व केमो तीत येतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. दागिने मोडण्यापूर्वी शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन त्याची भेट घ्यावी.

चौथे काम मुलींचे. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेल्या भारतीय लसीस 2022 साली मान्यता मिळाली. लस घेतली तरी तीस वर्षांनंतरची तपासणी चुकवायची नाही, हे मुलींना आत्ताच सांगून ठेवावे.

ही स्मरणिका ज्या घरात जाईल, त्या घरातील तीस वर्षांवरील भगिनीला शेवटची तपासणी कधी केली, एवढा एक प्रश्न आजच विचारावा. उत्तर 'कधीच नाही' असे आले, तर जवळच्या पालिका आरोग्य केंद्रात वा शासकीय रुग्णालयात जाण्याचा दिवस ठरवावा आणि कोणी तरी तिच्यासोबत जावे.

जयभीम! नमो बुद्धाय!