'सेइतो' : एका जपानी वाङ्मयीन मासिकाची वाटचाल

जपानमध्ये इ.स. १९०० च्या पोलीस कायद्यातील पाचव्या कलमाने स्त्रियांना राजकीय संघटनेचे सभासद होण्यास, इतकेच नव्हे तर राजकीय सभेत श्रोता म्हणून बसण्यासही मनाई केली होती. साहित्यनिर्मितीवर मात्र अशी बंदी नव्हती. सप्टेंबर १९११ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या 'सेइतो' या मासिकाचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहणे उद्बोधक ठरते.

मासिकाच्या प्रवर्तक हिरात्सुका राइचो. त्यांच्या विवाहासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून आईने भांडवल पुरविले. 'सेइतो' म्हणजे निळे मोजे. इंग्लंडमधील विदुषींना उद्देशून, बहुधा उपहासानेच, वापरल्या जाणाऱ्या 'ब्लूस्टॉकिंग' या शब्दाचे ते जपानी रूप. हे नाव समीक्षक इकुता चोको यांनी सुचविले. नियमावलीच्या मसुद्यात प्रथम 'स्त्रियांची जागृती' हा उद्देश होता. चोको यांच्याच सल्ल्याने त्या जागी 'स्त्री-साहित्याचा विकास' हे शब्द आले. हा बदल सावधगिरीचा होता, हे उघड आहे.

परंतु ही सावधगिरी फार काळ उपयोगी पडली नाही. एप्रिल १९१२ च्या अंकावर बंदी आली ती अराकी इकुको यांच्या एका कथेमुळे. विवाहित स्त्रीने आपल्या तरुण प्रियकरास लिहिलेले पत्र, एवढाच तिचा विषय! फेब्रुवारी १९१३ च्या अंकावरील बंदीस समाजवादी लेखिका फुकुदा हिदेको यांचा लेख कारण ठरला. जून १९१५ मध्ये गर्भपातविषयक कथा. म्हणजे तीनपैकी दोन वेळा शासनाला धोका जाणवला तो ललित लेखनात. वाङ्मय आणि स्त्रीप्रश्न यांतील सीमारेषा संपादिकांच्या आधी शासनानेच पुसली, असे म्हणावे लागते. ऑक्टोबर १९१३ मध्ये नियमावलीत 'जागृती' हा शब्द परत आला.

१९१५ च्या आरंभी संपादनाची सूत्रे जेमतेम वीस वर्षांच्या इतो नोए यांच्याकडे गेली. त्यांनी सर्व नियम रद्द करून मासिक सर्व स्त्रियांना खुले केले. शील, गर्भपात आणि वेश्याव्यवसाय यांवरील वाद याच काळात रंगले. फेब्रुवारी १९१६ मध्ये बावन्न अंकांनंतर प्रकाशन थांबले.

पुढे राइचो व इचिकावा फुसाए यांच्या 'नवस्त्री संघा'च्या प्रयत्नांनी १९२२ मध्ये पाचव्या कलमात दुरुस्ती होऊन स्त्रियांना राजकीय सभांना जाता येऊ लागले. राजकीय पक्षाच्या सभासदत्वावरील बंदी मात्र १९४५ पर्यंत टिकून राहिली.