लाखामागे एक रुग्णवाहिका. पण पाड्यापासून किती दूर?

९३७. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हाचा हा ताफा. त्यात २३३ गाड्या व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर असलेल्या, म्हणजे 'अॅडव्हान्स लाइफ सपोर्ट'च्या. उरलेल्या ७०४ 'बेसिक'. हैदराबादेत हीच सेवा १५ ऑगस्ट २००५ ला सुरू झाली होती. आपण उशिरा आलो, पण प्रत्येक गाडीत डॉक्टर देऊन आलो, ही जमेची बाजू.

१,७५६. राज्यानं २०२४ मध्ये ठरवलेला नवा ताफा. वरवर पाहता जवळपास दुप्पट. मात्र या आकड्याची फोड केली की चित्र बदलतं: २५५ अॅडव्हान्स, १,२७४ बेसिक, ३६ नवजात बालकांसाठी, १६६ मोटारसायकली आणि २५ बोटी. मोटारसायकल रुग्णापर्यंत लवकर पोचते, पण रुग्णाला उचलून नेऊ शकत नाही. अॅडव्हान्स आणि बेसिक या दोनच प्रकारच्या गाड्या धरल्या तर ९३७ वरून १,५२९, म्हणजे वाढ ६३ टक्के. दुप्पट नव्हे.

निकष काय सांगतो?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष सोपा आहे: एक लाख लोकसंख्येमागे एक बेसिक आणि पाच लाखांमागे एक अॅडव्हान्स रुग्णवाहिका. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. म्हणजे १,१२४ बेसिक आणि २२५ अॅडव्हान्स गाड्या हव्या होत्या. प्रत्यक्षात अॅडव्हान्स आठनं जास्त होत्या आणि बेसिक तब्बल ४२० नं कमी. नव्या ताफ्यातल्या १,२७४ आणि २५५ या दोन्ही संख्या याच निकषात घालून पाहिल्या, तर पावणेतेरा कोटींच्या आसपास लोकसंख्येला बरोबर बसतात. कागदावर जुनी तूट भरून निघते.

कागदाबाहेरचा प्रश्न वेगळा आहे. हा निकष माणसं मोजतो, अंतर मोजत नाही.

आंबिवलीच्या अलीकडे आणि पलीकडे

ठाणे जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. कल्याण सोडलं की शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. आंबिवली कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते. २०११ मध्ये या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. निकषानं इथं १२ बेसिक गाड्या. पुढे कसाऱ्याच्या दिशेनं शहापूर तालुका लागतो, लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार. माळशेजच्या दिशेनं मुरबाड, सुमारे १ लाख ९० हजार. निकषानं शहापूरला तीन, मुरबाडला दोन. माणशी हिशेब अगदी समान.

आता वेळ लावून पाहू. समजा, आंबिवलीहून रुग्णाला कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात पोचवायचं आहे. जाणं, उचलणं, पोचवणं, जागेवर परतणं धरून गाडी सव्वा तास अडकेल. शहापूरच्या डोंगराकडच्या २५ किलोमीटरवरल्या पाड्यासाठी तीच गाडी ताशी ३० किलोमीटरनं निघाली, तर जायला ५० मिनिटं आणि उपजिल्हा रुग्णालयात यायला ५० मिनिटं. तिथून रुग्णाला कळव्याच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं, तर जाताना दीड तास आणि येताना दीड तास. एकूण ४ तास ४० मिनिटं. एवढा वेळ तालुक्यातल्या तीन गाड्यांपैकी एक गैरहजर. एका फेरीला जवळपास चौपट वेळ लागत असेल, तर लाखामागची एक गाडी दोन्हीकडे सारखी कशी धरायची?

शिवाय गाडी रस्ता संपतो तिथं थांबते. तिथून पाड्यापर्यंतचा पल्ला अजूनही डोलीचा: बांबूला घोंगडी किंवा साडी बांधायची, आत बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस, आणि दोन्ही टोकांना खांदे. पायवाट ओली असेल तर खांदे बदलायला जागा शोधावी लागते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि हा सगळा वेळ त्याच दोन तासांतून जातो.

अनुदान कशासाठी मिळतं?

गाडी विकत घेणं त्यातल्या त्यात सोपं. ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात १०८ च्या खरेदीचा खर्च केंद्र उचलत असे. चालवण्याच्या खर्चात मात्र केंद्राचा वाटा पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० आणि पुढे २०. गाडी जुनी होत जाते, तिचा खर्च वाढतो आणि मदत घटत जाते. खासदार निधी दरवर्षी पाच कोटींचा. त्यातून रुग्णवाहिका घेता येते, पण आवर्ती खर्च चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांना आरोग्यापोटी ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. ते तपासण्यांच्या सोयी, उपकेंद्रांच्या इमारती, तालुका पातळीवरची आरोग्य केंद्रं आणि शहरी दवाखान्यांसाठी. रुग्णवाहिकेचा स्वतंत्र घटक त्यात नाही.

चालवणं म्हणजे काय, तेही आकड्यात पाहावं. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचं आठवड्याचं काम ४८ तासांचं. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसं. पायलट, म्हणजे चालक, आणि डॉक्टर मिळून एका गाडीला सात, तेही रजा न धरता. १,५२९ गाड्यांना १०,७०० च्या वर. फोन येवो न येवो, ही माणसं जागी असावी लागतात आणि त्यांचा पगार वेळेवर व्हावा लागतो. आपत्कालीन सेवेचा खरा खर्च सज्ज राहण्याचा आहे, आणि अनुदानाच्या रचनेत नेमकी त्याचीच बाजू लंगडी आहे. अमेरिकेनं २०१८ च्या शेती कायद्यातून ग्रामीण सेवांना वेगळं अनुदान दिलं, तेव्हा उपकरणांबरोबर माणसांची भरती आणि प्रशिक्षणही त्यात घातलं. एवढं शहाणपण आपल्यालाही परवडेल.

काय बदलावं?

नमुना आपल्याच घरात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३०,००० लोकसंख्येचा आणि आदिवासी, डोंगराळ भागात २०,००० चा. तिथली वाट अवघड, हे सरकारनं फार पूर्वी मान्य केलं आहे. तेच प्रमाण रुग्णवाहिकेला लावलं, तर लाखाऐवजी सुमारे ६७ हजारांमागे एक गाडी होते. शहापूरच्या तीन गाड्यांच्या जागी साधारण पाच, मुरबाडच्या दोनच्या जागी तीन. दोन तालुक्यांत मिळून तीन गाड्यांची वाढ. ठाण्यासारख्या जिल्ह्याला ही अशक्य नाही.

दुसरी गरज, एका रुग्णालयातून दुसऱ्यात रुग्ण हलवण्यासाठी वेगळी गाडी. कळव्याच्या फेरीत अडकलेले तीन तास पाड्याच्या वाट्याचे आहेत.

तिसरी गोष्ट बिनखर्चाची. १०८ चं उद्दिष्ट शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचण्याचं आहे. ते किती वेळा पाळलं गेलं, हे तालुकावार दर महिन्याला जाहीर करावं. राज्याची सरासरी सांगू नये. सरासरीत आंबिवलीची दहा मिनिटं पाड्याची पन्नास मिनिटं झाकून टाकतात.

जिल्हा नियोजन समितीत रुग्णवाहिकेचा विषय निघेल, तेव्हा सदस्यांनी 'किती गाड्या' एवढ्यावर थांबू नये. या गाडीचा पाचव्या वर्षीचा पगार आणि डिझेल कोणत्या लेखाशीर्षातून येणार, आणि सगळ्यात लांबच्या पाड्यावर ती किती मिनिटांत पोचणार, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय मंजुरीला हात वर करू नये.