सव्वा तास जातो कुठे?

लंडनच्या हीथ्रोपासून ॲमस्टरडॅमच्या स्किपोलपर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ३७० किलोमीटर. ए-३२० जातीचे विमान उंचावर तासाला आठशेहून अधिक किलोमीटर कापते. या हिशेबाने प्रवास अर्ध्या तासात उरकायला हवा. वेळापत्रकात मात्र सव्वा तास, कधी त्याहूनही जास्त धरलेला असतो. हा वाढीव वेळ कुठे जातो, ते खिडकीशी बसून घड्याळाकडे लक्ष ठेवले की कळते.

दार लागले म्हणजे विमान निघाले असे नाही. आकाशात गर्दी असली, की ब्रसेल्सच्या युरोकंट्रोलकडून उड्डाणाचा स्लॉट ठरवून मिळतो. त्या वेळेच्या पाच मिनिटे आधी ते दहा मिनिटे नंतर, एवढ्यातच उडायचे. स्लॉट लांबचा मिळाला, तर जागेवरच ताटकळणे आले.

मग टग विमानाला मागे ढकलतो आणि वेळापत्रकाचे घड्याळ सुरू होते. ते थांबते पलीकडे विमान गेटवर उभे राहिल्यावरच. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. वारा पश्चिमेचा असला, की एक उडणाऱ्यांना, दुसरी उतरणाऱ्यांना. दुपारी तीनला अदलाबदल, म्हणजे खालच्या वस्तीला आवाजापासून थोडी उसंत. आमच्यापुढे भलेमोठे ए-३८० होते. ते उडून गेले, धावपट्टी मोकळी दिसत होती, तरी आमचे विमान तोंडाशी तसेच उभे. मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे उठतात. ते विरेपर्यंत लहान विमानाला सोडत नाहीत.

जायचे पूर्वेला, पण वाऱ्याला सामोरे जायचे म्हणून उड्डाण पश्चिमेकडे. मग वळसा. चहाची गाडी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते, तोच उत्तर समुद्रावर इंजिनांचा आवाज उतरतो. कर्मचारी कप गोळा करू लागतात. एव्हाना जमीन सोडून जेमतेम अर्धा तास झालेला असतो.

खाली रेषेत आखलेले कालवे दिसतात. स्किपोल वसले आहे ते १८५२ मध्ये उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्रसपाटीच्याही खाली. आम्ही उतरलो पोल्डरबानवर. २००३ मध्ये सुरू झालेली ही ३,८०० मीटरची धावपट्टी आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून मुद्दाम दूर बांधलेली. चाके टेकली, प्रवासी फोन काढून बसले, आणि विमान चालतच राहिले. वाटेत पुलावरून महामार्ग ओलांडला. खालून गाड्या धावत होत्या. टर्मिनल येईतो पंधराएक मिनिटे गेली.

परतीच्या तिकिटावर तर गंमतच. ॲमस्टरडॅमचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे, त्यामुळे निघण्याची आणि पोचण्याची वेळ यांत वीसेक मिनिटांचाच फरक दिसतो. प्रत्यक्षात समोरून वारा असतो आणि हीथ्रोला गर्दी असली, तर लंडनच्या ईशान्येला लॅम्बर्नवर घिरट्या घालाव्या लागतात. तिथे विमाने हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक फिरत असतात. सर्वांत खालचे उतरायला सुटले, की वरची एकेक पायरी खाली येतात.

हा सगळा खोळंबा विमान कंपन्या वेळापत्रकातच धरतात. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान वेळेवर मानले जाते, म्हणून सढळ वेळ लावणे त्यांच्याही सोयीचे. या मार्गावर विमानाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तरी दोन-तीन मिनिटेच वाचतील. स्किपोलला टर्मिनलजवळची धावपट्टी मिळाली, तर त्याहून कितीतरी जास्त.