सोयाबीनची गाठ आणि मोबाइलचा पडदा

पडद्यावरचे विज्ञान : लेखांक ४

लातूर जिल्ह्यात जीवशास्त्र म्हटले की आधी आठवतो तो ३६० हा आकडा. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे. त्यामुळे लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरमध्ये बारावीच्या मुलाच्या मोबाइलवर हा विषय कोणत्या रूपात पोहोचतो, हे वेगळे सांगायला नको. सरावाचे प्रश्नसंच, एका बैठकीत अख्खे प्रकरण संपवणारे व्हिडिओ, ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ नोट्स. मागील लेखांकात अशा व्हिडिओंचे गुणदोष पाहिले. आज प्रश्न निवडीचा आहे. फुकट साहित्याचा महापूर असताना जीवशास्त्रासाठी चांगले साधन ओळखायचे कसे? माझी कसोटी एकच आहे : ते साधन विद्यार्थ्याकडून काय मागते? निरीक्षण, फोटो, नोंद, तुलना यांपैकी काहीतरी मागणारे साधन जीवशास्त्र शिकवते. केवळ पाहायला लावणारे साधन फार तर उजळणी करून घेते.

नत्र स्थिरीकरणाचाच भाग घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात, लेगहिमोग्लोबिन नावाचे प्रथिन प्राणवायूला बांधून ठेवते, ही वाक्ये मुलांना तोंडपाठ असतात. व्हिडिओत हे सगळे रंगीत हालचालींसह दिसते, आणि ते वाईट मुळीच नाही. पेशीच्या आत काय चालते हे अ‍ॅनिमेशनइतके नेमके दुसऱ्या कशाने दाखवणार? पण चाकूर तालुक्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे. जूनच्या अखेरीस पेरलेले रान ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात येते. त्या दिवसांत धुऱ्याजवळचे एक झाड ओढून न काढता खुरप्याने मातीसकट उकरावे, मूळ पाण्यात हलवून धुवावे आणि एक गाठ ब्लेडने मधोमध कापावी. आतला भाग लालसर गुलाबी असेल तर गाठ कामाला लागलेली आहे. पांढरा किंवा हिरवट असेल तर एकतर ती अजून तयार झालेली नाही किंवा तिचे काम आटोपले आहे. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचाच. नत्र बांधणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते, तर जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू हवाच; ही ओढाताण हे प्रथिन सांभाळते. बीजप्रक्रिया करून पेरलेल्या ओळीतले एक झाड आणि युरियाचा जादा हात पडलेल्या ओळीतले एक झाड शेजारी ठेवून गाठी मोजल्या, तर आयते नत्र मिळालेली झाडे गाठींवर कमी खर्च करतात हेही बहुधा दिसते. बहुधा म्हणतो, कारण रान काही प्रयोगशाळा नव्हे. ओल, जमीन, आधीचे पीक, सगळेच आड येते. ते आड का आले हे शोधणे हाही जीवशास्त्राचाच भाग.

अशी नोंद मागणारी साधने आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आयनॅचरलिस्टवर वनस्पतीचा किंवा कीटकाचा फोटो, जागा आणि तारीख टाकली की जगभरचे जाणकार ओळख सुचवतात. त्याच वर्षी सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आपल्याकडचे. डॉ. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले भारतीय फुलपाखरांचे संकेतस्थळ अळीपासून पंखांच्या खालच्या बाजूपर्यंत सगळे फोटोंसह दाखवते. सीझनवॉचवर तर एकच झाड निवडून आठवड्याला पालवी, फुले, फळे किती ते नोंदवत राहायचे असते. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. तिथली एखादी वेल ओळखायची तर पानाचा एक फोटो पुरत नाही. पानाची खालची बाजू, देठाची मांडणी, बाजूने दिसणारे फूल, जमल्यास फळ, इतके लागते. जाणकाराने दुसरा फोटो मागितला की वर्गीकरणाची लक्षणे आपोआप लक्षात राहू लागतात.

आक्षेप येणार, आणि काही खरे आहेत. पहिला वेळेचा : नीट तोंडावर असताना रानात जायला सवड कुणाला? सवड कमी आहे हे मान्य. पण एक गाठ कापायला अर्धा तास पुरतो आणि बारावीच्या मुलाला आठवड्यातून एवढा वेळ काढता येत नसेल, तर दोष वेळापत्रकाचा आहे. दुसरा आक्षेप चुकीच्या ओळखीचा. अ‍ॅप पहिल्या झटक्यात सुचवते ते नाव अनेकदा चुकते. म्हणूनच आयनॅचरलिस्टवर किमान दोघांचे मत पडून दोन तृतीयांशाहून अधिक सहमती झाल्याशिवाय ओळख पक्की धरली जात नाही. शिक्षकाने हा नियम वर्गात सांगितला तर विज्ञानात दावा कसा तपासतात हेही शिकवून होते. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दुर्मीळ औषधी वनस्पतीची नेमकी जागा जगजाहीर केली तर उपटून नेणारे तिथे पोहोचतील. यावर उपाय आहे : जागा धूसर ठेवण्याची सोय वापरायची, आणि वडवळच्या बेटावर ती वापरलीच पाहिजे.

भाषेची अडचण मात्र इतकी सहज सुटत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले पोर अकरावी विज्ञानाला इंग्रजीत येऊन पडते आणि ही साधनेही बहुतेक इंग्रजीतच असतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे, परिभाषा कोशही आहेत. संज्ञा समजून घेण्यासाठी त्यांच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. पण जुन्या नोंदींत रेणवीय जीवशास्त्र मागे पडलेले दिसते, आणि माझ्या कसोटीवर पाहिले तर कोश वाचायला देतो, मागत काही नाही.

आता उलट बाजू. पडद्याबाहेर जाण्याचा हट्ट सगळीकडे चालत नाही. महाविद्यालयांत प्राण्यांचे विच्छेदन थांबवण्याची भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने घेतल्यापासून बेडकाची जागा आभासी विच्छेदनाने घेतली. तिथे पडदाच बरा, बेडूक डबक्यात राहू द्यावा. आणि रेणूंच्या पातळीवर तर मूळ सामग्रीच पडद्यावर असते. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली. आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत, सगळ्या मोफत. बंगळुरूचा संशोधक जे पान उघडतो तेच चाकूरच्या महाविद्यालयातल्या बीएस्सीच्या मुलीला उघडता येते.

ती त्यावर काय करू शकते? सोयाबीनच्या लेगहिमोग्लोबिनचा अमिनो आम्लांचा क्रम घेऊन माणसाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनशी जुळवून पाहावा. अक्षरे फारशी जुळत नाहीत. मग दोन्हींची त्रिमिती रचना शेजारी उघडून फिरवावी : साखळीच्या घड्या जवळपास एकसारख्या, आणि मध्ये लोह धरून बसलेला तोच हीम. क्रम इतका वेगळा असून घडी तीच कशी, हा प्रश्न तिला पाठ केलेल्या ओळीतून पडला नसता. ऑगस्टमध्ये स्वतः कापलेल्या गाठीचा गुलाबी रंग आठवत असेल तर तो पडण्याची शक्यता बरीच वाढते. उत्तर देताना शिक्षकाला उत्क्रांतीपर्यंत जावे लागेल, आणि तेवढी तयारी करायला तासिकांच्या ओझ्यातून मोकळीक हवी. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अशा कामाला गुण कसे देता येतील, ते पुढील आठवड्यात पाहू.