ऋणनिर्देशाचं पान तुम्ही वाचता का?

खरं सांगा हं, मैत्रिणींनो! वाचनालयातून नवं पुस्तक आणलं, दुपारचं मागचं आवरून जरा आडवं व्हायला सवड मिळाली, की आपण काय करतो? मुखपृष्ठ बघतो, पाठीमागच्या चार ओळी वाचतो आणि थेट पहिलं प्रकरण उघडतो. मध्ये ते ‘ऋणनिर्देश’ किंवा ‘आभार’ नावाचं पान असतं ना, ते लग्नातल्या आहेराच्या यादीसारखं. ज्यांची नावं त्यात असतात, तेवढेच ते वाचतात.

परवा भिशीला मी हा प्रश्न टाकला, तर बहुतेकींनी मान हलवली. एक म्हणाली, “अगं, ते म्हणजे समारंभाच्या शेवटचं आभाराचं भाषण. तोवर सगळ्यांचं लक्ष चहाकडे!” एक निवृत्त शिक्षिका मात्र म्हणाल्या, “मी तेच आधी वाचते. पुस्तकामागे कोण कोण राबलंय ते तिथंच कळतं.”

कळतं का, पण? माझ्या डोळ्यांसमोर आलं आमच्याच घरातलं एक पुस्तक.

सासऱ्यांनी आपल्या तालुक्याचा इतिहास लिहिला होता. 1978 साली तो छापून निघाला. दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री लिहायचे. अक्षर म्हणजे शाईत बुडालेल्या मुंग्या कागदावरून चालत गेल्यासारखं! छपाई तेव्हा खिळे जुळवून व्हायची आणि कंपोझिटरला वाचता येईल अशी मुद्रणप्रत द्यावी लागायची. ती केली सासूबाईंनी. एकदा नव्हे, तीनदा. कारण प्रत पुरी होत आली की सासऱ्यांना कुठेतरी नवा जुना कागद सापडायचा! शेवटची गावांची सूचीही त्यांचीच. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक गाव लिहून, ते अकारविल्हे लावून डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलेलं. मुद्रितं तपासली ती स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

आणि ऋणनिर्देशात काय आहे? जुनी दप्तरं दाखवणारे गृहस्थ आहेत, ग्रंथपाल आहेत, छापखान्याचे मालक आहेत. एकूण अकरा नावं. अगदी शेवटी, घरच्या मंडळींनी सहकार्य केलं म्हणून एक अर्धी ओळ. संपलं!

सासरे वाईट नव्हते हो. घरच्यांचे आभार मानणं म्हणजे परकेपणा, असं त्या पिढीला वाटायचं. पण ‘घरची मंडळी’ म्हणजे कोण? तेव्हा चार वर्षांचे असलेले आमचे हेही त्यातच आले, आणि ह्यांनी तर दुसऱ्या प्रतीवर दौत सांडली होती!

हा आपल्याकडचाच रिवाज म्हणावा, तर तसंही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक ब्रूस होल्सिंगर यांनी 2017 साली विद्वानांच्या ग्रंथांतले असे आभाराचे उतारे ट्विटरवर टाकले. नवऱ्याची हस्तलिखितं टाइप केली, मुद्रितं तपासली, मजकुरावर हात फिरवला, म्हणून ‘माझ्या पत्नीचे’ आभार. पत्नीला नाव असतं हे कित्येकांच्या लक्षातच आलेलं नव्हतं. बघता बघता लोकांनी आणखी कितीतरी उतारे शोधून काढले.

जॉन स्टुअर्ट मिलसारखा स्त्रियांच्या हक्कांसाठी भांडणारा विचारवंत घ्या. त्याचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ 1859 साली आला, पत्नी हॅरिएट गेल्यानंतर काही महिन्यांनी. अर्पणपत्रिकेत तो तिला आपल्या उत्तम लेखनाची अंशतः लेखिकाच मानतो. इतका मनापासून लिहितो की गलबलून येतं. आणि त्या सगळ्या मजकुरात हॅरिएट हे नाव नाही! टॉलस्टॉयच्या सोफियाने ‘वॉर अँड पीस’ची बाडं पुन्हा पुन्हा उतरवून काढली हे आपण ऐकलेलं असतं. त्यापेक्षा डोस्टोव्हस्की मला बरा वाटतो. 1866 साली ॲना त्याच्याकडे लघुलेखिका म्हणून आली, पुढे त्याची बायको झाली, आणि ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ त्याने तिला अर्पण केली ती नाव घालून.

आपल्याकडची एक हकीकत मात्र मनाला चटका लावते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी 1956 साली त्यांनी एक प्रस्तावना लिहून ठेवली होती. लेखनाच्या पाच वर्षांत आपलं दुखणं कोणत्या थराला गेलं होतं हे तीत सांगून, ग्रंथ पुरा झाला याचं श्रेय त्यांनी स्वतः डॉक्टर असलेल्या आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला दिलं होतं. मुद्रितं पाहणाऱ्या चिटणिसांचेही आभार होते. ही प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत आलीच नाही! भगवान दास यांनी 1980 साली ती एका पुस्तिकेत छापली.

आणि या मधल्या काळात माईसाहेब आंबेडकरांच्या वाट्याला काय आलं? बाबासाहेबांच्या मृत्यूवरून लोकांनी त्यांच्यावरच संशय घेतला. त्यांच्या बाजूची साक्ष खुद्द बाबासाहेबांच्या शब्दांत लिहिलेली होती, आणि ती पुस्तकाबाहेर राहिली होती. माईसाहेबांचं स्वतःचं आत्मकथन यायला 1990 साल उजाडावं लागलं. आभाराच्या चार ओळी म्हणजे नुसता उपचार, असं म्हणायला त्यानंतर माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं डोक्यात घोळत होतं, तोच सासऱ्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचं निघालं. मी म्हटलं, आता आईंचं नाव घालाच. हे म्हणाले, “बाबांच्या मजकुराला हात लावायचा नाही.” तेही मला पटलं. गेलेल्या माणसाच्या तोंडी आपण शब्द कसे घालणार? शेवटी ह्यांनी स्वतःच्या सहीने वेगळं निवेदन लिहायचं ठरलं. पहिला खर्डा आला, त्यात ‘आईचे मोलाचे सहकार्य’! मी म्हटलं, “ते मोलाचं बिलाचं खोडा. तिनं काय केलं ते लिहा. तीन मुद्रणप्रती, गावांची सूची, सगळी मुद्रितं. आणि नाव पूर्ण लिहा.” (आपल्या महिला मंडळाची स्मरणिका काढाल ना, तेव्हा हे ध्यानात ठेवा. ‘अनेक भगिनींनी मदत केली’ असं लिहिलं की एकाही भगिनीला आपलं वाटत नाही.)

आईंना निवेदन वाचून दाखवलं. आता ऐंशीच्या घरात आहेत त्या. त्यांचं नाव मी इथंही दिलेलं नाही. “साप्ताहिकात कशाला? पुस्तकात आलं की पुरे,” असं त्यांनीच बजावलंय.

त्यांनी चष्मा मागितला, कागद हातात घेतला आणि पेन्सिलीने एक वेलांटी दुरुस्त केली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सूचीत एका गावाचा पानाचा आकडा चुकलाय. पुस्तक आलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. माझं नाव घालणार असाल, तर तो आधी नीट करा. इतकी वर्षं ती चूक ह्यांच्या नावावर होती.”